नाणे ग्रेडिंगला पाठवायचे, पण कोणत्या संस्थेकडे?

ग्रेडिंग संस्थांची चौकशी करणारे बहुतेक नवे संग्राहक ‘सर्वांत चांगली संस्था कोणती’ इथूनच सुरुवात करतात आणि तिथेच त्यांची दिशा चुकते. एकाच संग्राहकाच्या दोन नाण्यांपैकी एकाला जी संस्था योग्य ठरते, तीच दुसऱ्याच्या बाबतीत निव्वळ खर्च वाढवणारी ठरू शकते. नाणे कोणते आहे, ते संग्रहात ठेवायचे आहे की विकायचे आहे, आणि विकायचे असेल तर त्याचा संभाव्य ग्राहक कोण आहे, एवढे आधी निश्चित केले तर संस्थांची यादी पुष्कळच आटोक्यात येते. आणि अनेकदा असेही लक्षात येते की हे नाणे कुठेही पाठवण्याची गरजच नाही.

संस्थेकडून आपण काय विकत घेतो

ग्रेडिंग संस्था तीन कामे करते. ती नाणे खरे आहे की बनावट हे तपासते, त्याच्या अवस्थेला श्रेणी देते आणि ते सीलबंद प्लास्टिकच्या डबीत, म्हणजे संग्राहकांच्या भाषेत ‘स्लॅब’मध्ये, बंद करून त्यावर प्रमाणपत्र क्रमांकाचे लेबल लावते. चांगल्या संस्थेत एकाहून अधिक परीक्षक नाणे स्वतंत्रपणे पाहतात, त्यांच्या मतांवरून अंतिम श्रेणी ठरते आणि नाण्याचा मालक कोण हे परीक्षकांना कळू दिले जात नाही.

श्रेणीसाठी बहुतेक ठिकाणी 1 ते 70 ही मोजपट्टी वापरली जाते. ती विल्यम शेल्डन यांनी 1949 साली अमेरिकेच्या सुरुवातीच्या मोठ्या तांब्याच्या सेंट नाण्यांसाठी मांडली होती. 70 श्रेणीच्या नाण्याची किंमत 1 श्रेणीच्या नाण्याच्या सत्तर पट असावी, अशी त्यामागची मूळ कल्पना होती. किमतींचे ते गणित फार काळ टिकले नाही, पण आकडे टिकले आणि पुढे जगभरच्या नाण्यांना लावले गेले. आज 60 ते 70 हे आकडे व्यवहारात न फिरलेल्या, म्हणजे ‘मिंट स्टेट’ नाण्यांसाठी आणि त्याखालचे आकडे झीज झालेल्या नाण्यांसाठी वापरतात. या सीमेवर एक गंमत आहे. किंचित झीज झालेले 58 श्रेणीचे नाणे पुष्कळदा ओरखड्यांनी भरलेल्या 61 श्रेणीच्या नाण्यापेक्षा डोळ्यांना कितीतरी अधिक सुंदर दिसते. केवळ आकड्याकडे पाहून खरेदी करणाऱ्यांनी हे जरूर लक्षात ठेवावे.

हा आकडा कितीही नेमका वाटला तरी ते प्रशिक्षित माणसांचे मत असते, एखाद्या यंत्राचे मोजमाप नव्हे. 1990 साली अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने पीसीजीएस या आघाडीच्या संस्थेच्या जाहिरातींतील सातत्य आणि वस्तुनिष्ठता यांविषयीच्या दाव्यांवर आक्षेप घेतला होता आणि ते प्रकरण तडजोडीने मिटले. तेच नाणे पुन्हा पाठवल्यास श्रेणी एका अंकाने वर किंवा खाली जाणे आजही असामान्य नाही. तरीही या मतासाठी पैसे मोजले जातात, कारण नाणे प्रत्यक्ष न पाहता ते विकत घेणारा माणूस त्या मतावर विश्वास ठेवतो. संस्था निवडणे म्हणजे मुख्यतः आपल्या ग्राहकाचा विश्वास कोणत्या लेबलवर आहे, याचा अंदाज घेणे होय.

आधी नाणे तपासा

पाठवण्याचा अर्ज भरण्यापूर्वी नाणे एकाच तेजस्वी दिव्याखाली, 5 ते 10 पट भिंगातून, तिरपे करून फिरवत पाहावे. न फिरलेल्या नाण्यावर प्रकाशाचा पट्टा चक्राकार सरकताना दिसतो. टाकसाळीत छाप पडताना धातू बाहेरच्या दिशेने सरकतो आणि त्यामुळे निर्माण होणाऱ्या अतिसूक्ष्म रेषांवरून प्रकाश परावर्तित होतो, हे त्याचे कारण आहे. नाणे कधी घासले, पुसले किंवा रसायनात बुडवले गेले असेल तर हा पट्टा तुटक किंवा निर्जीव दिसतो, आणि घासलेल्या जागी एकाच दिशेने जाणाऱ्या बारीक रेषांचा पुंजका आढळतो.

ही तपासणी सर्वांत महत्त्वाची आहे, कारण साफ केलेल्या, ओरखडलेल्या, कोरून दुरुस्त केलेल्या किंवा कृत्रिम रंग चढवलेल्या नाण्याला प्रतिष्ठित संस्था सहसा आकड्यातली श्रेणी देत नाहीत. अशा नाण्याच्या लेबलवर ‘डीटेल्स’ असा शेरा आणि दोषाचा उल्लेख येतो. पूर्वी अशी नाणी श्रेणी न देताच साध्या पाकिटातून परत येत, आणि त्या पाकिटाला संग्राहक काहीशा कडवट विनोदाने ‘बॉडी बॅग’ म्हणत. डीटेल्स शेऱ्याच्या नाण्याला निर्दोष नाण्याच्या मानाने बरीच कमी किंमत मिळते आणि ग्रेडिंगचे शुल्क मात्र पूर्ण द्यावे लागते. दुर्मीळ नाण्याच्या बाबतीत केवळ खरेपणाचे प्रमाणपत्र मिळावे म्हणून हा खर्च करणे योग्य ठरू शकते; सामान्य नाण्याच्या बाबतीत तो वाया जातो.

नाणे पाठवण्याआधी ते स्वच्छ करण्याचा मोह कटाक्षाने टाळावा. पीव्हीसी असलेल्या मऊ प्लास्टिकमध्ये दीर्घकाळ राहिल्याने नाण्यावर आलेला हिरवट, चिकट थर काढणे आवश्यक असते, पण ते काम संस्थांच्या संवर्धन विभागाकडे सोपवलेले बरे. एनजीसी या दुसऱ्या मोठ्या ग्रेडिंग संस्थेशी संलग्न असलेली एनसीएस आणि पीसीजीएसची रिस्टोरेशन सेवा हेच काम करतात.

त्यानंतर हिशेब मांडावा. जाहिरातीत दिसणारे प्रति नाणे शुल्क हा एकूण खर्चाचा एक भाग असतो. त्यात सदस्यत्वाचे शुल्क, प्रत्येक अर्जामागे आकारले जाणारे हाताळणी शुल्क, जाण्या-येण्याची टपाल व विम्याची रक्कम, प्रकार-निश्चितीचे किंवा छायाचित्राचे जादा शुल्क, आणि काही योजनांत नाण्याच्या मूल्याची टक्केवारी मिळवावी लागते. देशाबाहेर पाठवायचे असल्यास सीमाशुल्काची कागदपत्रे येतात आणि जुन्या नाण्यांच्या निर्यातीवरील कायदेही तपासावे लागतात. आपल्याला अपेक्षित असलेल्या श्रेणीहून एक पायरी खालची श्रेणी मिळेल असे धरून नाण्याची किंमत काढावी. त्या किमतीतही ग्रेडिंगचा खर्च भरून निघत नसेल तर नाणे घरीच ठेवावे. या कसोटीत बहुसंख्य आधुनिक नाणी बाद होतात, आणि तसे होणेच योग्य आहे.

प्रमुख संस्था आणि त्यांची बलस्थाने

पीसीजीएसची स्थापना 1985 साली डेव्हिड हॉल आणि इतर काही व्यापाऱ्यांनी केली आणि 1986 पासून ती नाणी स्वीकारू लागली. त्या काळी विक्रेता स्वतःच श्रेणी ठरवत असे आणि विकताना तीच श्रेणी फुगवून सांगत असे. या गोंधळावर उपाय म्हणून त्रयस्थ मत आणि सीलबंद डबी यांचा मेळ घालण्यात आला. अमेरिकी नाण्यांच्या, विशेषतः महागड्या नाण्यांच्या लिलावांत पीसीजीएसच्या लेबलला अनेक मालिकांमध्ये किंचित अधिक किंमत मिळते. सर्वोत्तम संच बनवण्याची चढाओढ जिथे चालते, त्या त्यांच्या ‘सेट रजिस्ट्री’त केवळ पीसीजीएसचीच नाणी चालतात, हे या अधिक किमतीमागचे एक मोठे कारण आहे. नाण्याच्या गुणवत्तेशी त्याचा थेट संबंध नाही.

एनजीसीची स्थापना 1987 साली झाली. अमेरिकन न्यूमिस्मॅटिक असोसिएशन या नाणेसंग्राहकांच्या संघटनेची अधिकृत ग्रेडिंग संस्था म्हणून ती 1995 पासून ओळखली जाते. जगभरातील विविध देशांच्या नाण्यांचा तिचा व्याप मोठा आहे आणि प्राचीन नाण्यांसाठी 2008 पासून तिचा स्वतंत्र विभाग आहे. प्राचीन नाणे हाताने ठोकलेले असल्यामुळे त्याला 70 अंकांची मोजपट्टी नीट बसत नाही. म्हणून तिथे शब्दांतली श्रेणी देऊन छाप आणि पृष्ठभाग यांना 5 पैकी वेगवेगळे गुण दिले जातात. ही पद्धत मला अधिक प्रामाणिक वाटते, कारण झीज, छापेची सफाई आणि पृष्ठभागाची हानी या तीन वेगळ्या गोष्टी त्यात एकाच आकड्यात कोंबल्या जात नाहीत. मात्र प्राचीन नाण्यांसाठी हमीच्या अटी आधुनिक नाण्यांहून वेगळ्या आहेत, त्या आवर्जून वाचाव्यात.

अ‍ॅनॅक्स ही वयाने सर्वांत ज्येष्ठ संस्था. अमेरिकन न्यूमिस्मॅटिक असोसिएशनने 1972 साली ती केवळ खरेपणा तपासण्यासाठी सुरू केली, 1979 पासून ती श्रेणीही देऊ लागली, आणि 1990 साली असोसिएशनने ती विकली. टाकसाळीतील चुका आणि ठशांचे सूक्ष्म प्रकार ओळखण्यात तिचे नाव चांगले आहे. तिचे दर तुलनेने कमी आहेत आणि नाणी पाठवण्यासाठी सदस्यत्व लागत नाही. 1998 साली सुरू झालेली आयसीजी हीसुद्धा कमी खर्चाचा पर्याय म्हणून वापरली जाते. या दोन्ही संस्थांच्या लेबलला विक्रीच्या वेळी पहिल्या दोघींइतका भाव बहुधा मिळत नाही. परंतु नाणे विकायचे नसेल, किंवा केवळ खरेपणा आणि प्रकार निश्चित करून सुरक्षित डबी हवी असेल, तर हा मुद्दा गौण ठरतो.

सीएसीचे स्थान थोडे वेगळे आहे. एनजीसीच्या स्थापनेतही सहभागी असलेले जॉन अल्बनीज यांनी 2007 साली ती सुरू केली. दुसऱ्या संस्थेने आधीच बंद केलेले नाणे पाहून, ते आपल्या श्रेणीत भक्कम असेल तर डबीवर हिरवा स्टिकर आणि त्याहून वरच्या श्रेणीच्या योग्यतेचे असेल तर सोनेरी स्टिकर लावायचा, हे तिचे काम. एका श्रेणीच्या आतही चांगली आणि काठावरची नाणी असतात, ही गोष्ट या स्टिकरमुळे बाजारात उघडपणे मान्य झाली. 2023 पासून सीएसीने स्वतःची ग्रेडिंगही सुरू केली आहे. तिचा भर अमेरिकी नाण्यांवर आहे, त्यामुळे इतर देशांची नाणी जमवणाऱ्यांना तिचा फारसा उपयोग नाही.

अमेरिकेबाहेरही संस्था आहेत आणि त्यांची मोजपट्टी वेगळी असू शकते. ब्रिटनमधील एका सेवेने 1 ते 100 अशी मोजपट्टी वापरली आहे. अशा दोन मोजपट्ट्यांतील आकड्यांची सरळ तुलना करू नये. याखेरीज, नाव न ऐकलेल्या संस्थांच्या चकचकीत डब्या ऑनलाइन बाजारात सर्वत्र दिसतात. त्यांच्याबाबत तीन प्रश्न विचारावेत: परीक्षकांना नाण्यांचा व्यापार करण्यास मनाई आहे का, चूक झाल्यास पैशांत भरपाई देणारी लेखी हमी आहे का, आणि त्या लेबलची नाणी मोठ्या लिलावगृहांत त्या श्रेणीच्या भावाने विकली जातात का. नाणी विकणारा आणि त्यांना श्रेणी देणारा एकच असेल तर पुढचे दोन प्रश्न विचारण्याचीही गरज नाही.

निकषांतील फरक

आकड्यांसोबत लागणारे विशेष शेरे प्रत्येक संस्थेत सारखे नसतात, आणि याच ठिकाणी निवडीचा खरा फरक पडतो. अमेरिकेच्या फ्रँकलिन अर्ध्या डॉलरच्या मागच्या बाजूला असलेल्या घंटेवर आडव्या रेषांचे दोन संच आहेत. ‘फुल बेल लाइन्स’ हा शेरा देण्यासाठी पीसीजीएस खालचा संच अखंड असल्याचे पाहते, तर एनजीसी दोन्ही संच अखंड असावेत अशी अट घालते. वरचा संच अर्धवट उमटलेले नाणे हाती असेल तर ते कुठे पाठवावे, हे यावरून लगेच ठरते. आपण ज्या मालिकेची नाणी जमवतो, तिच्यासाठी असे निकष दोन्ही संस्थांच्या लेखी व्याख्यांवरून एकदा पडताळून घ्यावेत.

एनजीसी विशेष देखण्या नाण्याला तारांकन देते. 2010 साली पीसीजीएस आणि एनजीसी या दोन्ही संस्थांनी श्रेणीच्या वरच्या टोकाच्या नाण्यांसाठी अधिक चिन्ह सुरू केले. सुंदर नैसर्गिक टोनिंग, म्हणजे काळानुसार पृष्ठभागावर चढलेला रंग, असलेल्या नाण्याला तारांकनाचा फायदा होऊ शकतो. याउलट ‘फर्स्ट स्ट्राइक’ किंवा ‘अर्ली रिलीझेस’ यांसारख्या शेऱ्यांसाठी जादा पैसे मोजण्याचे कारण मला दिसत नाही. हे शेरे नाणे प्रकाशित झाल्यानंतरच्या ठरावीक मुदतीत ते संस्थेकडे पोहोचले किंवा टाकसाळीतून रवाना झाले, एवढेच सांगतात. ते नाणे नव्या ठशाने सर्वांत आधी पाडले गेले, असा त्यांचा अर्थ होत नाही.

हमी वाचण्याची पद्धत

सर्व मोठ्या संस्था हमी देतात, पण हमी म्हणजे काय हे प्रत्येकीने आपापल्या शब्दांत लिहिले आहे. नाणे बनावट निघाले किंवा श्रेणी उघडपणे जास्त दिली गेली असे सिद्ध झाले तर संस्था ते बाजारभावाने विकत घेते किंवा किमतीतील फरक देते, हा तिचा गाभा. त्यातून काय वगळले आहे, ते अधिक महत्त्वाचे असते. लेबलवरील टंकलेखनाची चूक, म्हणजे चुकीचे वर्ष किंवा चुकीची टाकसाळ, यासाठी भरपाई मिळत नाही. डबी उघडली किंवा तिच्याशी छेडछाड झाली की हमी संपते. तांब्याच्या नाण्यांचा प्रश्न सर्वांत नाजूक आहे. तांबे हवेतील ओलावा आणि गंधकामुळे डबीच्या आतही रंग बदलू शकते, त्यामुळे लाल, लाल-तपकिरी आणि तपकिरी या शेऱ्यांबाबत संस्था हात आखडता घेतात. पीसीजीएसने 1 जानेवारी 2010 नंतर तपासलेल्या तांब्याच्या नाण्यांच्या रंगबदलाची हमी देणे थांबवले आहे. लाल रंगासाठी मोठी किंमत मोजण्याच्या तयारीत असलेल्यांनी हा मुद्दा खरेदीपूर्वीच विचारात घ्यावा, कारण स्लॅबमुळे नाणे सुरक्षित राहते हा समज तांब्याच्या बाबतीत अर्धाच खरा आहे.

भावाचा पुरावा स्वतः गोळा करा

कोणते लेबल अधिक भाव मिळवते याबद्दल ठाम मते भरपूर ऐकू येतात. त्यापेक्षा मोठ्या लिलावगृहांच्या जुन्या निकालांचा शोध घ्यावा. हेरिटेज आणि स्टॅक्स बॉवर्स यांचे निकाल छायाचित्रांसह पाहता येतात. आपल्याच नाण्याचा प्रकार, वर्ष, टाकसाळ आणि श्रेणी घेऊन वेगवेगळ्या संस्थांच्या डब्यांतील नाण्यांचे अलीकडचे अनेक निकाल समोर ठेवावेत. एखाद्याच चढ्या निकालावर विसंबू नये, कारण तिथे दोन हट्टी बोलीदारांची गाठ पडलेली असू शकते. छायाचित्रेही पाहावीत; भावातील फरक लेबलमुळे पडला की टोनिंगमुळे, हे त्यांवरून पुष्कळ वेळा स्पष्ट होते.

त्या श्रेणीची किती नाणी आजवर नोंदली गेली, हे सांगणारे संस्थांचे तक्तेही उपयोगी आहेत, पण त्यांतील आकडे फुगलेले असतात. वरची श्रेणी मिळावी म्हणून लोक नाणे डबीतून काढून पुन्हा पुन्हा पाठवतात आणि जुनी नोंद रद्द झाली नाही तर एकच नाणे अनेकदा मोजले जाते. एक अंक वाढल्याने किंमत मोठी उडी घेते अशा मालिकांत हा दोष सर्वाधिक दिसतो. सामान्य नाण्यांच्या बाबतीत नेमके उलटे घडते: ती पाठवणे परवडतच नसल्याने तक्त्यात ती दुर्मीळ भासतात.

पाठवताना

संस्था ठरली की तिची कोणती सेवा घ्यायची हे नाण्याच्या मूल्यावरून ठरते. स्वस्त योजनांना मूल्याची कमाल मर्यादा असते आणि त्यांना वेळही जास्त लागतो. घोषित मूल्य मुद्दाम कमी लिहिले तर संस्था नाणे वरच्या योजनेत टाकून फरक वसूल करू शकते, आणि वाटेत नाणे हरवल्यास विम्याचा दावा त्याच कमी आकड्यावर अडतो. प्रत्येक नाण्याची दोन्ही बाजूंची स्पष्ट छायाचित्रे घ्यावीत, वजन नोंदवावे आणि आपल्या अंदाजाची श्रेणीही लिहून ठेवावी. नाणे पीव्हीसीविरहित पारदर्शक फ्लिपमध्ये, म्हणजे प्लास्टिकच्या छोट्या पाकिटात, ठेवावे. पिना मारलेल्या पुठ्ठ्याच्या चौकटीतून ते काढताना ओरखडा उठतो, म्हणून ती टाळावी. ठशाचा विशिष्ट प्रकार लेबलवर हवा असेल तर अर्जात तसे स्पष्ट लिहावे लागते, कारण परीक्षक तो आपणहून शोधतीलच असे नाही.

आधीच दुसऱ्या संस्थेच्या डबीत असलेले नाणे आपल्या पसंतीच्या संस्थेत हलवायचे असल्यास ‘क्रॉसओव्हर’ ही सोय आहे. त्यात किमान श्रेणी नमूद करता येते. ती मिळत नसेल तर डबी न उघडता नाणे परत येते, शुल्क मात्र परत मिळत नाही. स्वतः डबी फोडून नाणे मोकळे पाठवण्यापेक्षा हा मार्ग सुरक्षित आहे, पण मूळ लेबल डोळ्यांसमोर असल्याने परीक्षक इथे अधिक कडक असतात, असे अनेक जाणकारांचे मत आहे.

बंद डबीतले नाणे विकत घेताना निवडीचा प्रश्न उलट बाजूने येतो. आघाडीच्या संस्थांच्या डब्यांच्याही नकला होतात, म्हणून प्रमाणपत्र क्रमांक संस्थेच्या संकेतस्थळावर टाकून पाहणे अनिवार्य आहे. केवळ क्रमांक जुळणे पुरेसे नाही, कारण बनावट डबीवर खऱ्या नाण्याचा क्रमांक छापलेला असू शकतो. संस्थेकडे छायाचित्र असेल तर त्यातील बारीक खुणा, टोनिंगचे डाग आणि कडेची ठेवण समोरच्या नाण्याशी ताडून पाहावी. ज्या नाण्यांची छायाचित्रे संस्थेकडे नाहीत, ती अनोळखी विक्रेत्याकडून घेताना परतीची अट लेखी असावी.

निकाल आल्यावर तो आपल्या आधीच्या अंदाजाशी ताडावा. फरक एका अंकाचा असेल तर तो बहुतेक वेळा स्वीकारावा, कारण पुन्हा पाठवण्याचा खर्च वाढीव श्रेणीच्या शक्यतेने क्वचितच भरून निघतो. फरक मोठा असेल आणि छायाचित्रांत त्याचे कारण दिसत नसेल तर संस्थेच्या पुनर्तपासणी सेवेचा उपयोग करावा. तरीही नाणे डबीबाहेर काढण्याचे ठरलेच, तर जुने लेबल फेकून न देता ते संस्थेकडे परत पाठवावे, म्हणजे तिच्या तक्त्यातील जुनी नोंद रद्द करता येते.